पोट भरल्यावरही हात का थांबत नाही, आणि भूक मारणाऱ्या त्या गोळीचं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रात्रीचं जेवण पोटभर झालेलं असतं, तरी वेफर्सचं पाकीट फोडलं की ते संपेपर्यंत हात थांबत नाही. आपल्या शरीरातच गांजासारखं काहीतरी तयार होतं आणि त्यामुळे असं होतं, असं तुमच्या वाचनात आलं. ते खरं आहे का, त्याला अडवणारं औषध घेतलं तर वजन उतरेल का, आणि ऑनलाइन मिळणारं सीबीडी तेल, म्हणजे गांजाच्या झाडातलं एक रसायन घातलेलं तेल, मागवावं का? वय ३४, वजन ९२ किलो, रात्री झोपायला एक वाजतो आणि सहाला उठावं लागतं, हेही तुम्ही सांगितलंय. आणि शेवटी लिहिलंय की ‘माझाच जिभेवर ताबा नाही, दुसऱ्या कुणाला दोष देऊ?’

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते. हा विषय मी दरवर्षी जीव ओतून शिकवते, कारण जाड माणसाला येताजाता बोल लावायची जी सवय आपल्या घराघरांत आहे, तिला याच्याइतकं चोख उत्तर माझ्याकडे दुसरं नाही. म्हणून आधी तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे वळते. ते वाक्य मनातून काढून टाका. तुमच्या बाबतीत जे घडतंय ते शरीराच्या एका फार जुन्या, फार कामाच्या यंत्रणेचं नेहमीचं काम आहे.

गांजा ओढला किंवा भांग चढली की माणूस खात सुटतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेत १९८८ साली हे मोजून पाहिलं गेलं. काही पुरुषांना प्रयोगशाळेतच राहायला ठेवलं, त्यांचा घास न् घास नोंदवला. गांजा ओढल्याच्या दिवसांत त्यांच्या पोटात जाणाऱ्या कॅलरी ४० टक्क्यांनी वाढल्या. आता गंमत अशी की जेवणाच्या ताटात काहीच फरक पडला नाही. दुपारचं जेवण तेवढंच, रात्रीचं तेवढंच. वाढलं ते मधल्या वेळचं खाणं, आणि त्यातही चॉकलेटसारखं गोड, घट्ट काहीतरी. पोटाची भूक आणि तोंड चाळवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इतक्या स्वच्छ दाखवणारे प्रयोग थोडे आहेत. तुमची तक्रारही दुसऱ्या प्रकारातली आहे.

वनस्पतीतलं एक रसायन मेंदूत एवढा गोंधळ घालतं, म्हणजे त्याला बसायला तिथे आधीच जागा असली पाहिजे. ते रसायन, टीएचसी, इस्राएलमध्ये राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते जिथे जाऊन बसतं तो रिसेप्टर सापडायला १९८८ उजाडलं. त्याचं नाव सीबी-१. आणि १९९२ मध्ये मेशूलाम यांच्याच जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत विल्यम डेव्हेन आणि लुमिर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून शरीराचं स्वतःचं रसायन बाहेर काढलं, जे त्याच रिसेप्टरवर बसतं. ते आनंदामाइड. तीन वर्षांनी दुसरं सापडलं, २-एजी. या रसायनांना मिळून एंडोकॅनाबिनॉइड म्हणतात. तेव्हा तुम्ही वाचलंत ते खरं आहे.

ही रसायनं साठवून ठेवलेली नसतात. गरज पडली की पेशी स्वतःच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थातून ती जागच्या जागी बनवते, काम झालं की एन्झाइम ती मोडून टाकतात. आणि त्यांची चाल उलटी आहे. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते तो एकाच दिशेनं जातो. ही रसायनं मात्र निरोप घेणाऱ्या पेशीतून निघून देणाऱ्या पेशीकडे जातात. पंगतीत वाढपी समोर आला की आपण ताटावर आडवा हात धरतो ना, तसं: ‘पुरे, आता वाढू नका.’ कुठल्या वाढप्याला थांबवलं जातंय यावर सगळं अवलंबून आहे. भुकेला आवर घालणारा निरोपच थांबवला तर भूक मोकाट सुटते, आणि घाबरवणारा निरोप थांबवला तर जीव शांत होतो. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, गोळीच्या वेळी लागेल.

भुकेच्या कामात ही यंत्रणा एका ठिकाणी बसलेली नाही. मेंदूत भूक सांभाळणारा जो भाग आहे, हायपोथॅलॅमस, त्यात ती आहे. तिथे चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे हार्मोन तिला दाबून ठेवतं. २००१ साली हे उंदरांमध्ये दाखवलं गेलं. ज्या उंदरांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नाही त्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये एंडोकॅनाबिनॉइड चढलेले होते, आणि लेप्टिन टोचल्यावर ते उतरले. लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. मेंदूच्या ज्या भागात सुखाची चव कळते तिथेही ही यंत्रणा आहे. नाकाच्या वाटेवर आहे: उपाशी उंदराला वास अधिक तिखट येतो तो हिच्यामुळेच, हे २०१४ मध्ये कळलं. जिभेवर आहे, तिथे गोडाची जाणीव ती वाढवते. आणि येल विद्यापीठात २०१५ साली जे दिसलं ते मला सगळ्यात थक्क करणारं वाटतं. ‘पोट भरलं’ हा निरोप देणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांना उंदरांमध्ये सीबी-१ च्या वाटेनं चेतवलं तर त्याच पेशी एंडॉर्फिन हे सुख देणारं रसायन सोडू लागल्या आणि तृप्त उंदीर पुन्हा खायला लागला. म्हणजे थांबवणारेच ‘घे अजून’ म्हणू लागले.

पण तुमच्या वेफर्सशी सगळ्यात जवळचा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतला आहे, २०११ मधला. तो जरा सविस्तर सांगते. उंदराच्या जठरात एक नळी बसवली. उंदीर पातळ अन्न पितो, त्याला चव लागते, तो गिळतो, पण अन्न नळीवाटे बाहेर पडतं. आतड्यापर्यंत काही पोहोचतच नाही. एका गटाला साखरेचं पाणी दिलं, एकाला प्रथिनांचं मिश्रण, एकाला तेलाचं. साखर पिणाऱ्यांच्या आतड्यात काही बदल झाला नाही. प्रथिनंवाल्यांच्याही नाही. तेल पिणाऱ्यांच्या लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र एंडोकॅनाबिनॉइड वाढले, आणि तेही तेलाचा थेंब तिथे न पोहोचता. जिभेला तेल कळलं, मेंदूला कळलं, आणि मेंदूनं व्हेगस नर्व्हवाटे, म्हणजे मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या मज्जातंतूवाटे, आतड्याला कळवलं. ती नर्व्ह कापली की हा प्रकार बंद झाला. आतड्यातल्या सीबी-१ ला अडवलं तर उंदरांनी तेल पिणंच आवरतं घेतलं.

याचा अर्थ घरच्या भाषेत असा: पहिल्या वेफरचा तेलकटपणा जिभेला लागताच आतडं ‘येऊ दे अजून’ म्हणायला लागतं. पोट भरलंय की रिकामं, याचा त्यात फारसा संबंध नाही. वाफवलेली उसळ खाताना असं होत नाही, आणि शेव, चकली, भजी, वेफर्स यांच्या बाबतीत होतं, याचं एक मोठं कारण हे आहे. माणसाच्या जवळजवळ सगळ्या इतिहासात स्निग्ध पदार्थ दुर्मिळ होते. ते मिळाले की मिळतील तेवढे पोटात टाकावेत, याच हिशेबानं शरीर घडलंय. पाच रुपयांत पाकीट मिळेल आणि ते कोपऱ्यावरच्या टपरीवर टांगलेलं असेल, हे त्या शरीराच्या हिशेबात नव्हतं.

ही यंत्रणा वाईट आहे असं मात्र समजू नका. उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पहिल्याच दिवशी सीबी-१ अडवणारं औषध दिलं, तर ती आईला लुचायचीच थांबली आणि आठवड्याभरात मेली. जन्मल्यावर जीव पहिला घोट घेतो तोही हिच्या जोरावर. वर्गात हे सांगताना दरवेळी क्षणभर शांतता पसरते, आणि ती पसरायला हवीच.

वजनाचा भाग भुकेपाशी संपत नाही. चरबीच्या पेशींवर, यकृतावर, स्नायूंवरही सीबी-१ आहे. ज्या उंदरांमध्ये हा रिसेप्टर जनुकातूनच काढून टाकला, ते सडसडीत राहिले, आणि त्याचं सगळं श्रेय कमी खाण्याला देता येईना. यकृतात हा रिसेप्टर चेतला की तिथे चरबी बनण्याचा वेग वाढतो. माणसांमध्ये रक्तातल्या २-एजीचा संबंध एकूण वजनापेक्षा पोटाच्या आतल्या चरबीशी अधिक जुळतो. कॅनडात ढेरी सुटलेल्या पुरुषांनी वर्षभर आहार आणि व्यायाम सांभाळला, तेव्हा ढेरी उतरली आणि २-एजीसुद्धा उतरलं.

हे आपल्या लोकांनी खास लक्ष देऊन ऐकावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीवाला, हा आपला साचा आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की आपल्याकडे धोका धरतात. तुम्ही वजन कळवलंत, कंबर नाही. ती बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा.

आता गोळी. हा विचार तुमच्या आधी फ्रान्समधल्या सनोफी या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केला होता. सीबी-१ ला अडवणारा पहिला रेणू त्यांनी १९९४ मध्ये जाहीर केला, त्याचं पुढे नाव झालं रिमोनाबँट. युरोपातल्या मोठ्या चाचणीत १,५०७ माणसं होती, सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार दिला होता. वर्षअखेर रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी ६.६ किलोंनी उतरलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं १.८ किलोंनी. कंबर उतरली, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. जून २००६ मध्ये युरोपनं मान्यता दिली आणि औषध ‘अकॉम्प्लिया’ या नावानं बाजारात आलं. भारतातही बऱ्याच देशी कंपन्यांनी तेच औषध आपापल्या नावानं काढलं. ते दिवस मला चांगले आठवतात. वजन कमी करायची गोळी आली, ही बातमी भिशीच्या गटांतूनसुद्धा फिरत होती.

माझ्या आत्यानं ती घेतली होती. वजन उतरलं, ब्लाउज सैल झाले, सगळे कौतुक करत होते. त्या वर्षी गणपतीत तिनं नेहमीसारखे उकडीचे मोदक वळले, कळ्या एकसारख्या, हाताला सवय होतीच. पण स्वतः एकही तोंडात घातला नाही. ‘खावंसं वाटत नाही’ म्हणाली. आरतीला उभी राहिली नाही, आल्यागेल्याशी बोलली नाही, सकाळी लवकर जाग येऊन अंथरुणात नुसती पडून राहायची. तिच्या डॉक्टरांनी वेळेवर ओळखलं, गोळी बंद केली, आणि काही आठवड्यांत ती पहिल्यासारखी झाली. वजनही परत आलं. आम्हाला कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

आत्यासारखी माणसं जगभर होती. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेच्या तज्ज्ञ समितीनं जून २००७ मध्ये १४ विरुद्ध ० मतांनी औषधाला नकार दिला. त्याच वर्षाअखेर चार मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला: उदासीपायी गोळी सोडावी लागणाऱ्यांचं प्रमाण खोट्या गोळीच्या अडीच पट, चिंतेपायी सोडावी लागणाऱ्यांचं तिप्पट. आणि या चाचण्यांमध्ये मुळात नैराश्याचे रुग्ण घेतलेच नव्हते. बाहेरच्या जगात तर लठ्ठपणा आणि नैराश्य हातात हात घालून फिरतात. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपनं विक्री थांबवली. हृदयविकारावर या औषधाचा काय परिणाम होतो हे पाहणारी १८,६९५ रुग्णांची चाचणीही मध्येच बंद केली. तिच्यात औषधाच्या बाजूला चार आत्महत्या झाल्या होत्या, खोट्या गोळीच्या बाजूला एक. भारतात डिसेंबर २००९ मध्ये रिमोनाबँटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आली.

असं का झालं हे तुम्हाला आता कळेल. भीती विझवण्याचं, कटू अनुभव मागे टाकण्याचं, साध्या गोष्टीत गोडी वाटण्याचं काम मेंदूत हीच रसायनं करतात. गोळीला यकृतातला रिसेप्टर आणि भावनांच्या केंद्रातला रिसेप्टर यांत फरक करता येत नव्हता. भूक मारली, तिच्याबरोबर बाकीचीही गोडी मेली. मला याचा आजही राग येतो, कारण पिल्लांचा तो प्रयोग २००१ मध्येच छापून आला होता. ही यंत्रणा जगण्याच्या इच्छेच्या किती जवळ आहे हे कुणालाही त्यात वाचता आलं असतं.

त्यानंतरचा प्रयत्न असा की औषध मेंदूत शिरूच नये, यकृत आणि चरबीपुरतंच राहावं. त्यातलं एक औषध मॉनलुनाबँट. ते बनवणारी कंपनी नोव्हो नॉर्डिस्क या मोठ्या औषध कंपनीनं २०२३ मध्ये विकत घेतली. २०२४ मध्ये आलेल्या निकालात १६ आठवड्यांत १० मिलिग्रॅमवर ७.१ किलो वजन उतरलं, खोट्या गोळीवर ०.७ किलो. आकडा चांगलाच आहे. पण चिडचिड, चिंता, झोपेच्या तक्रारी इथेही दिसल्या, आणि डोस वाढवला तशा वाढल्या. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आज दुकानात जाऊन घेण्यासारखं या जातीचं एकही औषध नाही, आणि कुणी रिमोनाबँट कुठल्याही नावानं देऊ केलं तर घेऊ नका. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची जी इंजेक्शनं सध्या गाजतायत ती वेगळ्या वाटेनं काम करतात. ती तुम्हाला लागू आहेत का हे तुमच्या डॉक्टरांना तपासून ठरवू द्या.

मग हातात काय आहे? तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: एकला झोपून सहाला उठणं. शिकागो विद्यापीठानं २०१६ मध्ये तरुण, निरोगी माणसांना चार रात्री साडेआठ तास अंथरुणात राहू दिलं, आणि दुसऱ्या फेरीत फक्त साडेचार तास. २-एजी दिवसात दुपारपर्यंत चढतं आणि मग उतरतं. झोप तोडलेल्या दिवसांत ते सुमारे एक तृतीयांशानं जास्त चढलं आणि रात्री नऊपर्यंत उतरलंच नाही. या माणसांनी भरपेट जेवल्यानंतर दोनेक तासांत पुन्हा बिस्किटं, चिप्स खाल्ले, आणि नेहमीच्या जवळजवळ दुप्पट चरबी पोटात गेली. तुमची रात्र याच्याशी किती जुळते बघा. तुम्हाला मी डाएटच्या आधी झोप दुरुस्त करायला सांगेन: बारा, मग साडेअकरा, असं हळूहळू मागे या. कामाच्या पाळीमुळे ते शक्य नसेल तर दुपारी अर्धा तास तरी पडा. घोरत असाल आणि उठल्यावर डोकं जड वाटत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

दुसरं, तळलेलं खायचंच असेल तर जेवणातच घ्या, पानात डावीकडे, मोजकं. एकटं, जेवणानंतर, मोबाइल बघत खाऊ नका. जिभेला तेल लागल्यावर थांबण्याची अपेक्षा स्वतःकडून करणं हा अन्याय आहे, म्हणून निर्णय पाकीट फोडायच्या आधी झाला पाहिजे. घरात ते आणून ठेवणाऱ्यांनाही हे वाचायला द्या, म्हणजे रोजचे टोमणे तरी थांबतील.

आता सीबीडी तेल. गांजाच्याच झाडातलं हे दुसरं रसायन, पण त्याची चाल टीएचसीपेक्षा वेगळी. त्यानं नशा चढत नाही. काही प्रकारच्या अवघड अपस्मारात, म्हणजे फिट्सच्या आजारात, त्याचा खरा उपयोग सिद्ध झालाय, आणि त्या चाचण्यांमध्ये भूक मंदावणं आणि यकृताची एन्झाइम्स वाढणं हे दोन्ही दुष्परिणाम दिसले होते. विकणारे पहिल्याला जाहिरातीत घालतात आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतात. लठ्ठपणासाठी त्याला कुठल्याही देशानं औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. नियमित गांजा ओढणाऱ्यांत लठ्ठपणा कमी आढळतो, असे अमेरिकेतल्या पाहण्यांचे निष्कर्षही तुम्हाला दाखवले जातील. ते आकडे खरे आहेत, पण गांजानं वजन उतरतं असं त्यावरून ठरत नाही. ओढणारे बहुधा तरुण असतात, सिगारेटही ओढतात. शिवाय आपल्याकडे गांजा बाळगणं हा १९८५ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तेल मागवू नका. आधीच मागवून सुरू केलं असेल, आणि बरोबर रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा फिट्सची क्लोबाझाम चालू असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा: सीबीडीमुळे यकृतात ही औषधं मोडण्याचा वेग कमी होतो आणि रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं.